खिळा दिसला पाहिजे

आमच्या परसातलं झाड जगणार की जाणार, हे अजून ठरलेलं नाही. झाडवाल्याने दोन वर्षं थांबायला सांगितलंय, त्यातले सात महिने गेले. रोज सकाळी वन्संचं पहिलं काम म्हणजे चपला घालून परसात जायचं, हाताला येईल ती एक बारीक फांदी धरायची आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की त्या आत येऊन चहा घेतात. ज्या दिवशी नुसतं तपकिरी दिसतं, त्या दिवशी त्यांचा चहा कपात गार होतो, आणि माझाही. आता तर मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच कळतं, आज काय दिसलं असेल ते.

वन्सं म्हणजे माझी नणंद. आमच्या ह्यांच्या पाठची बहीण, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. त्या मला ‘वहिनी, तू’ म्हणतात, मी त्यांना ‘वन्सं, तुम्ही’ म्हणते, आणि भांडतानासुद्धा ही शिस्त कधी मोडलेली नाही. म्हणजे भांडते मी, त्या ऐकून घेतात. माझा राग नाकावर असतो हे मी मान्य करते. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. एका कानात एक माणूस, दुसऱ्या कानात दुसरा, आणि दोघांनाही घाई. तिथे हळू बोलणाऱ्याचं आणि विचार करत बसणाऱ्याचं काम नव्हतं. कोणी फार वेळ घेतला की मी सरळ लाइन तोडायची. ती सवय घरीही आली.

वन्संचं सगळं याच्या उलट. त्यांनी एकतीस वर्षं एका मोठ्या वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं बांधली. तळघराला खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. बुटांवरून माणूस ओळखायची कला त्यांच्याकडे अजून आहे. एक-एक पान सुटं करायचं, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असं आयुष्य. लग्न केलं नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, “राहून गेलं.” जसं काही दूध आणायचं राहून गेलं.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. पुढच्याच महिन्यात वन्सं निवृत्त झाल्या आणि मला सोबत म्हणून आठ दिवसांसाठी आल्या. ते आठ दिवस अजून संपायचेत.

हे सर्व्हेअर होते. जमिनी मोजत गावोगाव फिरायचे. मुलगा झाला त्या वर्षी कुठूनसं ओल्या फडक्यात गुंडाळून एक रोप आणलं आणि परसाच्या मधोमध लावलं. झाड कसलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नाव विचारायचं राहून गेलं.” या भावंडांचं सगळं राहूनच जातं. झाड मात्र वाढायचं राहिलं नाही. वाढत वाढत दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं आणि सगळं परस त्याने झाकून टाकलं. त्याच्या बुंध्यात, अगदी जमिनीलगत, ह्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. मला वाटायचं, कपड्यांची दोरी बांधायला असेल. विचारलं नाही कधी. रविवारी माझी डबल ड्यूटी असायची. त्या दिवशी वन्सं यायच्या, आणि हे, वन्सं आणि आमचे चिरंजीव असे तिघं दिवसभर परसात टेप घेऊन काय काय मोजत बसायचे. मी घरी येईपर्यंत चहाचे कप धुऊन पालथे घातलेले असायचे. त्या परसात मी कधी नव्हते, एवढंच सांगायचंय.

हे गेले आणि मी परसाचं दार लावून टाकलं. कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घालायला लागले. चिरंजीव दुसऱ्या शहरात असतात. आले तरी तेही मागे जायचे नाहीत, पुढच्या खोलीत मोबाइल बघत बसायचे. त्याबद्दल आम्ही मायलेक कधी एक शब्द बोललो नाही.

दार उघडलं ते वन्संनी. आल्यावर दहा-बारा दिवसांनी विचारलं, “वहिनी, मी मागे जरा बसू का?”

“बसा की,” मी म्हटलं. “झाड काय माझ्या बापाचं आहे?”

झाडाखाली तेव्हा टणक जमीन आणि वर आलेली मुळं, यापलीकडे काही नव्हतं. गवतसुद्धा उगवत नसे. वन्संनी ठरवलं, इथे सावलीतला वाफा करायचा. रानात मोठ्या झाडाखाली जसं आपोआप होतं, नेचे, शेवाळ, रुंद पानांची बुटकी झुडपं, पांढऱ्या फुलांचे कंद, तसं. “सावलीत काही येत नाही हो,” मी खिडकीतून सांगितलं. त्या म्हणाल्या, “एकतीस वर्षं तळघरात काढली, वहिनी. कमी उजेडात कसं राहायचं ते मला विचार.”

आणि मग वर्षभर त्यांनी एकही रोप लावलं नाही. बांबूच्या बारीक काड्या घेतल्या, त्यांना पुस्तकं शिवायचा मेणाचा दोरा बांधला. सकाळचा पांढरा, दुपारचा तांबडा, संध्याकाळचा निळा. दर तासाला सावलीची कड कुठे येते तिथे काडी रोवायची. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरी. परसात काड्यांचं शेत झालं. मी म्हटलं, “अहो, सावली ती सावली. तिला काय भेटायला जायचंय?” तर म्हणाल्या, “माणसाची ओळख झाल्याशिवाय त्याच्या घरी सामान टाकू नये.”

दुसऱ्या वर्षी काम सुरू झालं, तेही चमच्याने. फावडं नाही, कुदळ नाही. फावड्याने मुळं तुटतात म्हणे. स्वयंपाकघरातला एक जुना चमचा नेला आणि दोन मुळांच्या मध्ये मूठभर जागा सापडेल तिथे खळगा करायचा, त्यात झाडाच्याच पानांचं खत घालायचं, आणि बोटाएवढं रोप ठेवायचं. ते खतही घरचं. गळलेली पानं जाळीच्या पिंपात भरून, ओली ठेवून, वर्षभर कुजवलेली. हातात घेतलं तर चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि मोकळं. ते वरून पसरायचं दोन बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर लांब, त्याहून जवळ नाही. पाय ठेवायला सपाट दगड मांडले होते. दगड सोडून कोणी मातीवर पाय दिला की या बाईचा श्वास अडकायचा. सकाळी ओल्या फळीखाली जमलेल्या गोगलगायी वेचून त्या भिंतीपलीकडच्या पडीक जागेत सोडून यायच्या. मारायच्या नाहीत. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. परसात जात नव्हते, पण भांडी घासताना डोळे कुठे नेणार?

दोन वर्षांत वाफा किती झाला? आपल्या पलंगाएवढा. आणि रोपं अशी की दाखवल्याशिवाय दिसू नयेत.

तशात वन्संच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन मोठ्या शहरात, चिरंजीवांकडे राहून करायचं ठरलं. तीन आठवडे जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या मला सांगत बसल्या, कुठल्या नेच्याला किती पाणी, पाणी ठिबकायला कुठल्या बाटलीला टाचणीचं भोक. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “वन्सं, तुम्ही चमच्याने विहीर खणताय. आपण दोघी मरू तरी एक कोपरा व्हायचा नाही.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी नुसता चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि बॅग भरायला गेल्या.

त्या गेल्यावर घर खायला उठलं. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला काहीतरी करावं लागतं, नुसतं बसवत नाही. चौथ्या दिवशी मी परसाचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं. दोन वर्षांनी. आणि ठरवलं, वन्सं परत येतील तेव्हा त्यांना वाफा तयार मिळाला पाहिजे.

एक ट्रॉली भरून माती मागवली. चांगली, चाळलेली. दोन माणसं लावली. झाडाभोवती विटांचं गोल कडं केलं आणि गुडघ्याइतकी माती भरली, अगदी बुंध्याला भिडवून, कुठे फट म्हणून ठेवली नाही. वन्संची रोपं आधी अलगद काढून घेतली होती, ती पुढच्या रांगेत लावली, शाळेच्या फोटोत लहान मुलं बसवतात तशी. मागे नर्सरीतून आणलेली चाळीस मोठी रोपं. माणसांचं दाबणं मला पटेना, म्हणून पलीकडच्या बाजूची माती मी स्वतः दोन्ही हातांनी दाबली. दोन दिवसांत काम फत्ते.

संध्याकाळी त्या विटांच्या कडेवर बसले. ह्यांच्या झाडाखाली मी पहिल्यांदाच बसत होते. बत्तीस वर्षांचं झाड, आणि मी त्याला पाठ टेकली त्या दिवशी. रडू आलं. मग बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हे गेल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही.

वन्सं काळा चष्मा लावून आल्या. चिरंजीव त्यांना दारातच सोडून गाडी वळवून गेले, ऑफिस होतं. मी त्यांना हाताला धरून मागे नेलं. म्हटलं, “बघा.”

त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आनंदाने बोलणं सुचत नाही.

“खिळा कुठे गेला?” त्या म्हणाल्या.

“कुठला खिळा? तो होय? असेल खाली मातीत. उकरून देऊ का?”

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. सकाळी पाणी घालताना लागलेली माती नखांत होती. मग विचारलं, “तू बसली होतीस इथे?”

“रोज बसते.”

“राहू दे मग,” त्या म्हणाल्या. “छान केलंस, वहिनी.” आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी म्हटलं, प्रवासाचा शीण.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावलं होतं. तो महिना त्या खिडकीत बसून झाडाकडे बघत होत्या. जेवण तुटलं. मी म्हणायची, डोळ्याचं टेन्शन आहे. महिना संपला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला न्हाणीघरामागे मातीचा ढीग सापडला. माझी दुपारची डुलकी लागली की वन्सं एका जुन्या डब्याने बुंध्याजवळची माती काढून तिथे नेऊन टाकत होत्या. डबा-डबा करत, चोरून.

माझ्या अंगाची आग झाली. “माझ्या हातचं नको असेल तर तोंडाने सांगा. हे चोरटं काम कशाला?”

“जरा जास्त झाली होती, वहिनी. झाडाला खाली श्वास—”

“श्वास?” मी त्यांचं वाक्य तोडलं. “तीस वर्षांचं धूड आहे ते, त्याला काय दमा झालाय? माझं मेलीचं कुणाला काही पटतच नाही. ह्यांना पटलं नाही, तुम्हालाही नाही. आता या परसात मी पाऊल टाकणार नाही.” आणि दार आपटून आत आले.

आठ दिवस मी परसात गेले नाही. नवव्या दिवशी वन्संनी हाक मारली. बघते तर सगळी माती परत जागेवर. बुंध्याला भिडवून, मी केली होती तश्शी. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, कोपरापर्यंत हात मळलेले. “बघ, परत टाकली,” त्या म्हणाल्या. “ये बसायला.”

मी जिंकल्यासारखी जाऊन बसले. आज ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

त्यानंतर त्यांनी डब्याला हात लावला नाही. पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक लांब सळई घेऊन मातीत जागोजागी भोकं पाडायच्या. काय करताय विचारलं की म्हणायच्या, “कंद लावतेय.” एवढे कंद लावले, पण वर एकही आला नाही. मी चेष्टा केली, “वन्सं, तुमचे कंद तुमच्यासारखेच, सगळं राहून जातं.” त्या हसल्या. पहाटे माझ्या आधी उठून परस झाडायला लागल्या. कधी नव्हे त्या दोनदा झाडायच्या. जोराचा वारा सुटला की हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. वजन इतकं उतरलं की अंगठी बोटातून गळायला लागली, तिला दोरा गुंडाळला. डॉक्टरकडे नेलं, सगळे रिपोर्ट चांगले.

वर्ष उलटून गेलं. एकदा त्यांच्या पलंगाची चादर बदलताना गादीखाली एक वही सापडली. हाताने शिवलेली, त्यांच्याच कामाची. आत तारखा आणि पुढे आकडे. दोन. तीन. दोन. पाच. अकरा. पुढे सव्वीस. मग चौसष्ट. दर आठवड्याला एक पान चिकटवलेलं, आधी हिरवं, मग कडेने पिवळं, मग सगळंच पिवळं. पडलेल्या पानांची मोजदाद होती ती. पानगळीचा हंगाम नसताना पडलेल्या पानांची. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘पश्चिमेची वरची फांदी गेली. तिला कळता कामा नये.’

मी खिडकीशी जाऊन वर बघितलं. इतके दिवस झाडाखाली बसत होते, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. वरची एक अख्खी फांदी उघडी पडली होती, तिच्या शेजारची पिवळी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘तिला कळता कामा नये’ म्हणजे मला. म्हणजे या बाईने झाडाला काहीतरी केलंय आणि माझ्यापासून लपवतेय. कसली पावडर घातली, कसलं औषध ओतलं, देव जाणे. मी सरळ फोन उचलला आणि मुलाला सांगितलं, “तुझ्या आत्याने बाबांच्या झाडाला काहीतरी केलंय. झाड चाललंय. ताबडतोब ये.”

हे शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

रविवारी तो आला, बरोबर झाडवाला घेऊन. हडकुळा माणूस, खांद्यावर दोर. मला वाटलं आता वर चढेल. तर तो वर बघायलाच तयार नाही. विटांच्या कड्यापाशी उकिडवा बसला आणि बुंधा मातीत जिथे शिरतो तिथे बोट लावलं.

“खोड असं खांबासारखं सरळ खाली गेलंय ना, तिथेच घोळ आहे,” तो म्हणाला. “झाडाचे पाय फाकलेले दिसले पाहिजेत. इथे ते गाडले गेलेत. मुळांना हवा नाही, आणि साल मातीत राहून कुजायला लागली असणार. झाड एका दिवसात मरत नाही, वर्ष-दोन वर्षं घेतं. म्हणून लोकांना कळत नाही कशाने गेलं.” मग उठला आणि सहज विचारलं, “ही माती चढवली कोणी?”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पस्तीस वर्षं माझ्या आवाजाने लोकांच्या कानाचे पडदे हलायचे. त्या क्षणी मी ट्रेमधले कप मोजत राहिले.

“मी,” वन्सं म्हणाल्या.

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. तीन-साडेतीन वर्षं परसात आत्याच असते हे त्याला माहीत होतं, शंका यायचं कारणच नव्हतं. झाडवाल्याने सांगितलं, माती सगळी काढा, आजच. फावडं लावू नका, मुळं जखमी होतील. हाताने आणि बारीक अवजाराने काढा, बुंध्यापासून मुळं फाकतात ती जागा दिसेपर्यंत. वाळलेल्या फांद्या तो नंतर येऊन उतरवणार होता. वाचेल का म्हणून विचारलं, तर म्हणाला, दोन वर्षं थांबा, झाडच सांगेल. आणि गेला.

मुलगा गुडघे टेकून बसला आणि माती उपसायला लागला. वन्सं स्वयंपाकघरातून चमचा घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. मी ट्रे हातात धरून तिथेच. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मनात काय चाललं होतं तेही सांगते. वन्संनी दोष आपल्यावर घेतलाय. मुलगा चार दिवस आत्यावर रागावेल, मग विसरेल. त्याचा तिच्यावर जीव आहे. मी काही बोलले नाही तर हे इथेच मिटेल. मला तो मोह झाला.

अर्ध्या तासाने चमचा कशावर तरी वाजला. मुलाने बोटाने माती पुसली. खिळा होता. हिरवा पडलेला. त्याच्या भोवतीची साल काळी, ओली, बोट लावलं तर आत जात होती.

मुलगा मागे सरून बसला. “आत्या,” तो म्हणाला, “खिळा दिसला पाहिजे. दर रविवारी बाबा हेच म्हणायचे ना आपल्याला? पावसाने माती वाहून आली की आपण दोघं खिळा दिसेपर्यंत ती काढायचो. माती खिळ्याच्या वर गेली की झाड गुदमरतं, हे मला तू शिकवलंस. मी सहा वर्षांचा होतो. आणि तूच?”

“विसरले रे,” वन्सं म्हणाल्या.

“विसरलीस? एकतीस वर्षांत एका पुस्तकाचं एक पान मागे-पुढे होऊ दिलं नाहीस, आणि हे विसरलीस? बाबांचं एवढं एकच होतं इथे.”

वन्संनी मान खाली घातली आणि चमचा चालवत राहिल्या. मला कळलं, तो खिळा दोरी बांधायला नव्हता. या घरात ते सगळ्यांना माहीत होतं, एका माझ्याशिवाय. आणि वन्संना तर पहिल्या क्षणी, काळ्या चष्म्यातून सुद्धा, दिसलं होतं. सोळा महिने ती बाई पानं मोजत होती.

मी दारातूनच वाकून ट्रे त्यांच्या पहिल्या सपाट दगडावर ठेवला.

“माती मी टाकली,” मी म्हटलं. “आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. ती तुझ्याकडे होती. तिने काढायला घेतली होती, तर मी भांडून परत टाकायला लावली.”

मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी वन्संना विचारलं, “मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने? माझी जीभ लांब आहे, पण मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

वन्संनी चष्मा काढला आणि बाहीने पुसला. “सांगायला आले होते मी, वहिनी. तू म्हणालीस, परत पाऊल टाकणार नाही. खरंच टाकलं नाहीस आठ दिवस. दादा गेल्यावर दोन वर्षं तू या दाराच्या आतच बसली होतीस. त्या मातीमुळे पहिल्यांदा बाहेर आलीस. ही माती तुझ्या हातची, आणि तिने दादाचं झाड चाललंय, हे तुला कळलं असतं तर तू परत कधी आली असतीस का?”

मी दगडावरच्या ट्रेमधला एक कप उगीच सरळ केला.

“मला वाटलं, भोकं पाडून निभेल,” त्या म्हणाल्या. “झाडही राहील आणि तूही. रोज वाटायचं, आजचा दिवस निभेल. झाड मला हवंच आहे गं. पण नुसतं झाड घेऊन मी काय करू?”

मुलाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं, त्याने सगळ्या तोंडाला माती लागली. मग तो पुन्हा उकरायला लागला. मी दारात तशीच उभी होते. आत जावं की बाहेर यावं, काही सुचत नव्हतं.

“वहिनी,” वन्सं मान वर न करता म्हणाल्या, “घरात चमचे दोन आहेत. एक हा, आणि एक मोठा, डाळीच्या डब्यातला. मोठा तू घे. तुला घाई असते.”

मी डाळीच्या डब्यातून चमचा काढला. दगडांवर पाय देत देत गेले आणि बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला बसले. तिथली माती सगळ्यात घट्ट होती, माझ्याच हातांनी दाबलेली.